काळ्या मातीच्या वाटेवर पिकअपची पकड कशी वाढवावी

पावसाळा आला म्हणून केळीची कापणी थांबत नाही. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात घड तयार झाला की तो वेळेत बागेबाहेर काढावाच लागतो, आणि त्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा बहुधा पाणंद रस्त्यावरून, इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना देणाऱ्या पिकअपमधून होतो. सावदा-फैजपूर रस्त्यावर भरल्या मालाने बिनघोर धावणारी ही गाडी शिवाराकडे वळली की रिकामी असतानाच जागेवर चाके फिरवू लागते. अशा वेळी अनेक चालक इंजिनाला दोष देतात किंवा ॲक्सिलरेटर आणखी दाबतात. वास्तविक इंजिनाची ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. कमी पडते ती टायरखालची पकड, आणि ती वाढवण्याची जवळजवळ सगळी कामे गाडी चिखलात शिरण्यापूर्वीच उरकायची असतात. ती ज्या क्रमाने करावीत, त्याच क्रमाने पुढे मांडली आहेत.

पकड का सुटते

पिकअपचे इंजिन, गिअरबॉक्स आणि केबिन पुढे असतात, तर मागे रिकामा हौदा असतो. त्यामुळे रिकाम्या गाडीचे जास्त वजन पुढच्या चाकांवर पडते आणि जी चाके गाडी ढकलतात, नेमकी तीच हलकी राहतात. चाकावर जितके वजन, त्या प्रमाणात त्याची पकड, हा साधा नियम इथे गाडीच्या विरोधात जातो. अमेरिका-कॅनडासारख्या बर्फाच्या मुलखात पिकअप चालवणारे लोक हिवाळा लागला की हौद्यात वाळूच्या गोण्या टाकून ठेवतात, ते याच कारणाने. आपल्याकडे बर्फ पडत नसला तरी जून ते सप्टेंबर या काळात ओली काळी माती गाडीची तीच गत करते.

दुसरे कारण डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटून देणाऱ्या, त्यांच्या मधोमध असलेल्या गिअरच्या पेटीत आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, म्हणजे जे चाक अधिक निसरड्या जागी आहे त्याला पेलवेल तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. समजा डावे चाक चिखलात असून ते फक्त ५० किलोचा जोर धरू शकते आणि उजवे चाक मुरमावर असून ३०० किलोचा धरू शकते. तरी गाडीला मिळतात ते १०० किलो, ३५० नव्हे. उजवे चाक कोरड्यावर असतानाही गाडी हलत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे. हँडब्रेक थोडा ओढून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. पण हँडब्रेकने दोन्ही मागच्या चाकांना सारखाच अडथळा होतो, त्यामुळे पकड असलेल्या चाकाच्या वाट्याला फारसे जास्तीचे काही येत नाही आणि ड्रम मात्र तापतात. त्या युक्तीच्या भरवशावर राहू नये.

तिसरे कारण माती. तापीकाठच्या खोल काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचे चिकणखनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि सुकले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. पाऊस पडला की वरचा थर आधी लोण्यासारखा निसरडा होतो आणि टायरच्या खाचांत दाबून बसतो. दोन-तीन फेऱ्यांत टायरची नक्षी दिसेनाशी होते आणि नवा टायरही गुळगुळीत रबराच्या रुळासारखा वागू लागतो. सातपुड्याच्या पायथ्याला, पालच्या बाजूला मुरमाड जमीन आहे, तिथे हा त्रास बराच कमी होतो. म्हणून एका गावच्या चालकाचा अनुभव दुसऱ्या गावी जसाच्या तसा लागू पडत नाही.

पहिली पायरी : वाट पायी चालून पाहावी

शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. गाडीलाही तोच नियम लावावा. डांबर सोडण्यापूर्वी गाडी थांबवून, हातात एखादी लोखंडी सळई घेऊन पाणंदीवरून चालत जावे आणि चाके जिथून जाणार तिथे दर दहा-पंधरा पावलांवर सळई दाबून पाहावी. चार बोटांच्या आत कडक थर लागत असेल तर वरची माती निसरडी असली तरी खाली आधार आहे, अशा वाटेवर वजन वाढवल्याने फायदा होतो. सळई हाताच्या जोराने सहज वीतभर आत जात असेल तर खाली आधारच नाही; तिथे वजन टाकले की गाडी अधिक खोल जाईल. या दोन जागांमधला फरक ओळखणे हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण पुढे सांगितलेले बहुतेक उपाय पहिल्या प्रकारच्या वाटेसाठी आहेत. दुसऱ्या प्रकारच्या वाटेवर गाडी नेऊच नये. घड बैलगाडीने किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीने पक्क्या जागेपर्यंत आणून पिकअप तिथेच भरावी. मजुरी थोडी वाढते, पण रुतलेली गाडी काढण्यात गेलेला दिवस आणि हिसक्यांनी काळे पडलेले घड यांपेक्षा ती नक्कीच स्वस्त पडते.

चालत जाताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. ठिबकची मुख्य पाइपलाइन वाटेला कुठे आडवी जाते, चारीचे पाणी कुठे साचले आहे आणि गाडी वळवायला पक्की जागा कुठे आहे, हे ठरवूनच आत शिरावे. गाडी रिकामी असतानाच फिरवून तोंड बाहेरच्या दिशेला करून उभी करावी. भरल्या गाडीने चिखलात तीन-चार वेळा पुढे-मागे करत वळण घेणे म्हणजे संकट ओढवून घेणे आहे.

टायर

टायरच्या मुख्य खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. नक्षी झिजून त्या खुणांना टेकली की टायर बदलायचा. मात्र ही मर्यादा पक्क्या रस्त्यासाठीची आहे. काळ्या चिखलात टायर खाचेतली माती बाहेर फेकू शकला तरच पकडतो आणि त्यासाठी खाच खोल व रुंद लागते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मागच्या दोन्ही चाकांना सर्वांत चांगले टायर लावावेत. फक्त लांबलांब रेषा असलेला रिब टायर पुढे चालतो, पण मागे आडव्या, खोल खाचांचा लग टायरच उपयोगी पडतो. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला टायर अशी जोडी मुळीच ठेवू नये. डिफरन्शियलच्या वर सांगितलेल्या हिशेबाने झिजलेला टायरच दोघांची पकड ठरवतो, शिवाय दोन्हींच्या व्यासातल्या फरकाने डिफरन्शियलला सतत काम पडते.

लोड जास्त भरता यावा म्हणून अनेक जण मागे जादा पाटे, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, घालून घेतात. त्या पाट्यांनी रिकामी गाडी इतकी कडक होते की खड्ड्यावरून जाताना मागचे चाक उसळते आणि क्षणभर जमिनीला धड टेकतही नाही. तेवढ्यात ते फिरते, आणि फिरले की खोदते. चिखलातली पकड हवी असेल तर कंपनीने दिले तेवढेच पाटे ठेवणे बरे.

हवा कमी करणे : कधी, किती

टायरमधली हवा कमी केली की त्याचा तळवा पसरतो आणि वजन जास्त जागेवर विभागले जाते. रिकाम्या गाडीच्या एका मागच्या चाकावर ३०० किलो वजन आहे असे धरू. हवा ६० पीएसआय असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.२ किलो, तर हिशेबाने चाक सुमारे ७० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. हवा ३० पीएसआय केली तर ती जागा दुप्पट होते. टायरच्या कडा कडक असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा कमी असतो, तरी चालकाला तो लगेच जाणवतो.

परंतु हा उपाय काही अटी पाळूनच करावा. गाडी रिकामी असावी, वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका असावा आणि डांबर लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरण्याची सोय जवळ असावी. बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि मीटर गाडीत ठेवल्याशिवाय हवा सोडण्याचा विचारही करू नये. ३० पीएसआयच्या खाली जाऊ नये, कारण ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा फार कमी झाली की रिमवर टायर सरकतो, त्याबरोबर ट्यूब ओढली जाते आणि नोजल मुळापासून फाटते. ट्यूबलेस टायर असेल तर कड रिमवरून सुटते. माल भरलेल्या गाडीची हवा कधीही कमी करू नये. किती हवा हवी हे दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या व भरल्या गाडीसाठी दिलेले असते. रोजच्या कामाला तेच आकडे पाळावेत.

मागे वजन ठेवणे

खाली कडक थर असलेल्या वाटेवर हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. सिमेंटची रिकामी गोणी वाळूने भरली की साधारण ५० किलो होते. अशा तीन ते चार गोण्या, म्हणजे १५० ते २०० किलो, बहुतेक पिकअपना पुरतात. वाळू कोरडी भरावी, तोंड शिवून घ्यावे आणि शक्यतो गोणी दुसऱ्या गोणीत घालावी, म्हणजे पावसात ती फाटून हौदाभर वाळू होणार नाही.

गोण्या कुठे ठेवायच्या हे किती ठेवायच्या याहून महत्त्वाचे आहे. त्या मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवाव्यात. फाळक्याला टेकवून अगदी मागे ठेवल्या तर मागच्या चाकांवर वजन वाढते खरे, पण तरफेच्या नियमाने पुढची चाके हलकी होतात, आणि मग चिखलात स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाते. गोण्या हौद्याच्या कड्यांना दोराने चारही बाजूंनी घट्ट बांधाव्यात. जोरात ब्रेक लागला तर सुटलेली ५० किलोची गोणी केबिनची मागची काच फोडून आत येऊ शकते. मोकळी वाळू, सुटे दगड किंवा अर्धवट भरलेले पाण्याचे ड्रम वजनासाठी वापरू नयेत. पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि गाडीही त्या बाजूला खेचली जाते.

माल भरायला लागल्यावर गोण्या पक्क्या जागी उतरवाव्यात, कारण त्यांचे वजन गाडीच्या मंजूर भारात धरले जाते. एक गोणी मात्र शेवटपर्यंत गाडीतच असू द्यावी. रुतल्यावर चाकाखाली पसरायला तीच वाळू उपयोगी पडते. अर्धाच माल न्यायचा असेल तर तोही केबिनला चिकटवून न रचता ॲक्सलच्या वर रचावा.

चेन आणि दोर

गुलमर्गच्या चढावर हिमवृष्टीत टायरला चेन बांधलेल्या किंवा फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांनाच पुढे सोडतात. तीच चेन काळ्या मातीतही उत्तम काम करते, कारण तिचे आडवे साखळदंड निसरडा थर कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतात. चेन टायरच्या मापाचीच घ्यावी, नेहमी जोडीने आणि मागच्या चाकांनाच बांधावी. शंभर पावले गाडी चालवून थांबावे आणि ढिली झालेली चेन पुन्हा आवळावी. टायर आणि पाटे यांच्यात, तसेच टायर आणि मडगार्ड यांच्यात पुरेशी फट आहे ना, हे आधी हात घालून पाहावे. चेन लावून डांबरावर जाऊ नये. त्याने चेनही झिजते आणि रस्ताही. बर्फाळ मुलखासाठीच्या खास टायरचा मात्र आपल्याला उपयोग नाही. त्यांचे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीत मऊ राहावे असे बनवलेले असते, आणि खान्देशच्या उष्णतेत ते झपाट्याने झिजेल.

चेन नसेल तर लोखंडी डिस्कच्या छिद्रांतून जाड काथ्याचा दोर ओवून टायरभोवती चार-पाच ठिकाणी वेढे देता येतात. दोर आतल्या बाजूने ब्रेकच्या पाइपला किंवा नोजलला घासणार नाही याची खात्री करूनच गाडी हलवावी. हे काम थोड्या अंतरापुरतेच आहे.

ज्यांच्या शेताची वाट दरवर्षी अशीच असते, त्यांनी नवी गाडी घेताना फोर-व्हील ड्राइव्ह प्रकाराचा विचार जरूर करावा. ती सोय चिखलात शिरण्यापूर्वी चालू करावी, रुतल्यानंतर नव्हे. आणि कोरड्या डांबरावर ती बंद ठेवावी, नाहीतर गिअर व शाफ्टवर ताण येतो.

चिखलातून चालवताना

पहिल्या गिअरऐवजी सपाटीवर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलावी, कारण पहिल्या गिअरमध्ये चाकावर येणारा जोर निसरड्या मातीला पेलवत नाही. क्लच हळू सोडावा, ॲक्सिलरेटर एका जागी स्थिर ठेवावा आणि वाट संपेपर्यंत गिअर बदलू नये. मध्येच क्लच दाबला की गाडीची गती मोडते आणि मऊ जागी मोडलेली गती परत मिळत नाही.

ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत पिकअप घालू नये. ट्रॅक्टरचे मागचे चाक मोठे असते, त्यामुळे त्याचे पोट उंच राहते. पिकअपचा डिफरन्शियल मात्र मधल्या उंचवट्यावर टेकतो, आणि एकदा टेकला की मागची चाके अधांतरी फिरत राहतात. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे वाटेच्या कडेच्या गवतावर ठेवून जाणे चांगले, कारण गवताची मुळे माती धरून ठेवतात. कडेला चारी असेल तर मात्र तिकडे फार सरकू नये. मागचा भाग घसरू लागला तर ॲक्सिलरेटर हलकेच कमी करावा आणि मागचा भाग ज्या बाजूला जातो त्याच बाजूला स्टिअरिंग थोडे वळवावे. ब्रेक दाबू नये. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीनेच गाडी आवरावी.

चाक फिरू लागले आणि गाडी पुढे सरकत नसेल तर लगेच पाय काढावा. गाडी वाचते की बुडते, हे इथेच ठरते. चाक जागेवर फिरले की खड्डा खोल होत जातो आणि थोड्याच वेळात ॲक्सल मातीला टेकतो. त्याआधी थांबले तर आलेल्याच मार्गाने, रिव्हर्समध्ये, दाबल्या गेलेल्या मातीवरून बहुतेक वेळा बाहेर पडता येते.

रुतल्यानंतर

सर्वप्रथम माल उतरवायचा की ठेवायचा हे ठरवावे. ॲक्सल टेकला असेल तर माल उतरवावाच. नंतर फावड्याने प्रत्येक मागच्या चाकाच्या समोरची माती उताराने काढावी, म्हणजे चाकाला उभी भिंत न चढता हळूहळू वर येता येईल. डिफरन्शियलच्या पुढे साचलेली मातीही काढावी. हे काम बहुतेक जण विसरतात आणि तीच माती गाडीला अडवून धरते.

चाकाखाली काय घालावे याबाबत बागेत नेहमी एक चूक होते. हाताशी असतात म्हणून केळीची पाने, सोपट आणि खोडाचे तुकडे चाकाखाली टाकले जातात. या सगळ्यात पाणीच पाणी असते; टायर फिरला की ते चिरडून त्यांचा बुळबुळीत लगदा होतो आणि चाक आधीपेक्षा जास्त सुटते. त्याऐवजी वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या पेंढ्या वाटेला आडव्या अंथराव्यात आणि त्यांवर गोणपाट व वाळू टाकावी. चाकाच्या आधीची दोन-तीन हातांची जागा भरली तरच उपयोग होतो. जाड लाकडी फळ्या असतील तर त्या सगळ्यात चांगल्या. जॅक लावायचा असेल तर त्याखालीही रुंद फळी ठेवावी, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो; आणि जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. गाडी हलवताना चाकांच्या मागे किंवा सरळ पुढे कोणालाही उभे राहू देऊ नये, कारण चाकाखालची फळी किंवा दगड गोफणीतून सुटल्यासारखा बाहेर येतो.

ट्रॅक्टरने ओढायचे झाल्यास दोर किंवा साखळी गाडीच्या टोइंग हुकाला बांधावी. बंपरला, पाट्यांना किंवा ॲक्सलला बांधू नये. ओढ सरळ रेषेत असावी आणि आधी दोर हळूहळू ताणून मगच जोर लावावा. हिसका देणे अतिशय धोक्याचे आहे. तुटलेली साखळी किंवा सुटलेला हुक माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणीही नसावे आणि साखळीच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे, म्हणजे ती तुटलीच तर उसळण्याऐवजी खाली पडण्याची शक्यता वाढते. मुलांना तर तिथून आधीच दूर पाठवावे. रुतलेली गाडी पाहायला सगळ्यात आधी तीच जमतात.

पुन्हा डांबरावर येताना

डांबर लागण्यापूर्वी गाडी थांबवून टायरच्या खाचांतली, रिमच्या आतली आणि मडगार्डखालची माती खुरप्याने काढावी. रिमच्या आत एका बाजूला चिकटून वाळलेली माती वेगात चाक थरथरवते. हवा मीटर लावून भरावी आणि चेन उतरवावी. रस्त्यावर पडलेले चिखलाचे मोठे ढेकूळ बाजूला सारावेत, कारण मागून येणारा दुचाकीवाला त्यावरूनच घसरतो. पहिल्या काही पावसांत डांबरावरची धूळ आणि तेल यांचा निसरडा थर तयार होतो, आणि रिकाम्या पिकअपचे मागचे चाक ब्रेक लागताच तिथे चटकन अडकते; म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे.

ब्रेकच्या ड्रममध्ये चिखलपाणी गेलेले असते. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडे अंतर गेल्यास ते सुकतात. दोन्ही बाजू सारख्या लागतात ना, गाडी एकीकडे ओढत नाही ना, हे पाहूनच वेग वाढवावा. घरी आल्यावर गाडी खालून पाण्याने धुवावी आणि ॲक्सल पाण्यात बुडाला असेल तर डिफरन्शियलचे तेल तपासून घ्यावे. ते दुधाळ झाले असेल तर पाणी आत गेले आहे असे समजावे आणि पुढच्या फेरीआधी ते बदलून घ्यावे.